विश्वासू कारभारी
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त सुरत येथे भरलेल्या सभेतील भाषण)



 मी विद्वान नव्हे, की धर्मोपदेशकही नव्हे. डाइंग-प्रिंटिंगच्या एका मिलमध्ये जमाखर्च लिहिण्यात माझी हयात गेली. तेव्हा आजचा विषयही मी एखाद्या हिशेबनिसासारखाच मांडणार आहे. त्यात काही उणे राहिल्यास आपण उदार मनाने क्षमा कराल अशी आशा आहे.

चालकांनी मला विषय दिला तो असा : जो तो स्वतःपुरते पाहतो अशा काळात ख्रिस्ती माणसाने निष्ठावंत कसे राहावे? हा विषय वाचल्यावर प्रथम माझे लक्ष गेले ते आपल्या भाषेतील तीन शब्दांकडे. आपण श्रद्धा ठेवतो त्याला ‘विश्वास’ म्हणतो. जो माणूस शब्दाला जागतो त्याला ‘विश्वासू’ म्हणतो. आणि या व्यासपीठावर बसलेल्या मंडळींना आपण ‘विश्वस्त’ म्हणतो. तिन्ही शब्द एकाच घरातले आहेत. परंतु आपल्या आयुष्यात मात्र त्यांची ताटातूट झालेली दिसते. विश्वास रविवारी सकाळच्या उपासनेत, विश्वासूपणा बाजारात पत टिकेल इतपत, आणि विश्वस्तपणा वार्षिक सभेपुरता! या तिघांना पुन्हा एका छपराखाली कसे आणावे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

आपली सुरत ही फार जुनी व्यापारी पेठ. येथे पैशाचा मान मोठा, आणि तो असण्यात गैर काही नाही. परंतु या शहराच्या इतिहासात पैशाशी संबंधित अशा दोन गोष्टी आहेत, की त्या शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत.

जानेवारी १६६४ मध्ये छत्रपती शिवाजीमहाराजांनी सुरतेवर स्वारी केली, हे आपणां मराठी माणसांना लहानपणापासून ठाऊक आहे. त्या वेळी श्रीमंतांचे वाडे सुटले नाहीत. परंतु दोन घरांना धक्का लागला नाही, असे बर्नियर नावाच्या फ्रेंच प्रवाशाने आपल्या प्रवासवृत्तांतात नमूद करून ठेवले आहे. एक घर होते फादर ॲम्ब्रोझ या कापुचिन पंथाच्या पाद्र्याचे. हे पाद्री लोक सज्जन आहेत, त्यांना उपद्रव देऊ नये, अशा अर्थाचे महाराजांचे बोलणे बर्नियरने दिले आहे. दुसरे घर होते डच व्यापाऱ्यांच्या एका हिंदू दलालाचे. हा दलाल तेव्हा हयातही नव्हता. परंतु जिवंत असताना तो फार दानशूर होता, अशी खात्री पटल्यावरून त्याचे घर राखले गेले.

आता दुसरी गोष्ट. त्याच स्वारीत इंग्रजांच्या वखारीचे संरक्षण सर जॉर्ज ऑक्झेंडन याने केले. तो शूर होता, आपल्या कंपनीशी प्रामाणिक होता, यात शंका नाही. १६६९ मध्ये तो येथेच वारला. कतारगाम दरवाजाच्या बाजूस इंग्रजांचे जुने कबरस्तान आहे, तेथे त्याची व त्याचा भाऊ ख्रिस्तोफर याची घुमटाची भव्य कबर आजही उभी आहे. तिला शह देण्यासाठी डचांनीही आपल्या कबरस्तानात १६९१ मध्ये मरण पावलेल्या बॅरन व्हॅन रीड याची तशीच प्रचंड कबर उभारली, असे सांगतात. पुरातत्त्व खाते आज या कबरींची देखरेख करते. मुलांना घेऊन एकदा अवश्य जाऊन या. तेथे उभे राहिले की मनात विचार येतो : हे सारे ख्रिस्ती म्हणवणारे लोक. क्रुसाच्या खुणेखाली पुरलेले. आणि मेल्यावरही कोण मोठा यासाठी त्यांची चढाओढ!

बंधुभगिनींनो, सुरतेतील ख्रिस्ती नावाचा इतिहास हा असा दुहेरी आहे. एका बाजूस घुमट, दुसऱ्या बाजूस त्या पाद्र्याचे साधे घर. त्या घराला पहारा नव्हता. त्याच्या मालकाची लोकांत असलेली ओळख हाच त्याचा पहारा. आणि त्याच्या जोडीला एका हिंदू दलालाचे घर राखले गेले, ही गोष्ट तर आपण ख्रिस्ती मंडळींनी विशेष ध्यानात ठेवली पाहिजे. परोपकाराचा मक्ता आपल्याकडे नाही. देव ज्याच्या त्याच्या हातून आपले काम करून घेतो. प्रश्न एवढाच, की आपल्या हातून घेतो की नाही.

तेव्हा ‘स्वार्थी जग’ असे म्हणून बाहेर बोट दाखवणे सोपे आहे. मोबाईल, चैन, परदेशी जाण्याची ओढ, फ्लॅटची बंद दारे, असे सगळे आपण मोजून दाखवू शकतो. परंतु आमच्या तरुणांवरच हे सारे खापर फोडणे मला पटत नाही. स्वार्थ हा कुठून परप्रांतातून येत नाही. तो आपल्याच घरात, आपल्याच प्रार्थनेत वाढतो. आपली प्रार्थना एकदा कागदावर लिहून काढा आणि तिच्यात ‘मला’, ‘माझ्या’, ‘आमच्या’ हे शब्द किती वेळा आले ते मोजा. मी मोजले होते. आकडा सांगत नाही!

अलीकडे तर असेही शिकविणारे निघाले आहेत, की विश्वास पक्का असेल तर बंगला-मोटार मिळणारच. न मिळाल्यास विश्वासात खोट. म्हणजे देव हा आपला नोकर आणि आपण त्याचे धनी. ही शिकवण ऐकावयास गोड लागते, कारण तिच्यात आपल्याला बदलावे लागत नाही.

प्रभू येशूने तर याच्या उलट सांगितले. शेतकऱ्याचा तो दृष्टांत आठवा. पीक अमाप आले, तेव्हा जुनी कोठारे पाडून मोठी बांधण्याचा बेत त्याने केला, आणि त्याच रात्री त्याला बोलावणे आले. या मनुष्याने चोरी केली असे शुभवर्तमानात कोठेही म्हटलेले नाही. त्याने कष्टाने पिकविले होते. त्याची चूक एवढीच, की तो सगळा वेळ स्वतःशीच बोलत होता. शेजारी, मजूर, भुकेला, देव, कोणीच त्याच्या बोलण्यात नाही. दुसरा दृष्टांत कारभाऱ्याचा. धनी परगावी गेला आहे, घर कारभाऱ्याच्या हाती आहे. त्याने काय करावयाचे? वेळच्या वेळी घरच्या माणसांना त्यांची भाकर द्यावयाची. बस्स, एवढेच. मोठा चमत्कार नाही, त्याग नाही, कीर्ती नाही. दुसऱ्याची वस्तू आपल्या हाती आहे हे विसरावयाचे नाही, आणि ज्याची त्याला वेळेवर पोचवावयाची.

हे मी आज मोठ्या तोंडाने सांगत आहे. परंतु या कारभाऱ्याच्या परीक्षेत मी स्वतः नापास झालेला आहे, आणि ती हकीगत या ट्रस्टच्याच हिशेबातील असल्यामुळे ती येथे सांगणे मला प्राप्त आहे. आपल्यापैकी काही वडीलधाऱ्यांना ती ठाऊक आहे. त्यांनी आजवर कधी तोंडावर काढली नाही, हा त्यांचा मोठेपणा.

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेग झाल्याची बातमी पसरली. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना वर्णन नको. चार-पाच दिवसांत लाखो माणसे शहर सोडून गेली. दुकाने बंद, कित्येक दवाखाने बंद, टेट्रासायक्लिनच्या गोळ्यांसाठी रांगा. त्या वेळी मी या ट्रस्टचा खजिनदार होतो. मदतनिधीची रोकड एका लोखंडी कपाटात असे आणि त्याची एकच किल्ली माझ्यापाशी. मी बायकोमुलांना घेऊन रात्रीच्या भुसावळकडच्या गाडीत कसाबसा शिरलो. नंदुरबारला आमचे नातेवाईक होते.

गाडी नवापूरला थांबली. हे स्थानक आपल्याला माहीत आहे. त्याचा अर्धा भाग गुजरातेत आणि अर्धा महाराष्ट्रात. तेथे तिकिटासाठी खिशात हात घातला, तो किल्ली हाताला लागली. खोटे कशाला बोलू, त्याच क्षणी मला सारे उमगले. मागे राहिलेली माणसे, कपाट, निधी, सगळे डोळ्यांसमोर आले. उतरता आले असते. समोरच्या फलाटावर सुरतेकडे जाणाऱ्या कोणा ओळखीच्या माणसाच्या हाती किल्ली देता आली असती. मी ती पुन्हा खिशात टाकली. आपली मुले वाचली, पुढचे पुढे पाहू, असे मनाशी म्हटले आणि डोळे मिटून बसलो.

बारा-तेरा दिवसांनी परत आलो. आमच्या चाळीत आपल्याच मंडळीच्या एक वयस्कर परिचारिका राहत. आम्ही सारे त्यांना सिस्टरबाई म्हणत असू. त्या गेल्या नव्हत्या. दिवसा रुग्णालयात काम, आणि संध्याकाळी चाळीत व मागच्या झोपडपट्टीत फेरी. जे मागे राहिले होते ते बहुतेक हातावर पोट असलेले. खानदेशातून आलेले लूम-कामगार, ओडिशाचे कामगार, काही मुसलमान कुटुंबे. कारखाने बंद, म्हणून मजुरी बंद. सिस्टरबाई आमच्या घरी निधीसाठी दोनदा येऊन कुलूप पाहून गेल्या होत्या. मग त्यांनी आपल्या पगारातून खर्च केला. मी आलो त्याच संध्याकाळी त्या शाळेची एक वही घेऊन आल्या. तांदूळ, डाळ, गोळ्या, रिक्षाभाडे, सगळे तारीखवार पैशापर्यंत लिहिलेले. बेरीज बाराशे काही रुपये होती. त्या एवढेच म्हणाल्या, “भाऊ, तुम्ही हिशेबातले. बेरीज बरोबर आहे का तेवढी बघा.”

बेरीज बरोबर होती. मी कपाट उघडून पैसे दिले आणि वहीवर सही केली. उभ्या आयुष्यात मी हजारो सह्या केल्या असतील. ती एक सही करताना मात्र हात कापला.

आता यात अपराध कोणता, ते नीट पाहू या. मुलाबाळांना घेऊन गेलो हा माझा अपराध, असे मी आजही मानीत नाही. लेकरांचे रक्षण करणे हेही देवाने दिलेलेच काम आहे. शहर सोडणाऱ्यांस भ्याड म्हणण्याचा अधिकार मला नाही, कोणालाच नाही. माझा अपराध एवढाच, की मी किल्ली बरोबर नेली. माझे ते घेऊन गेलो, त्याबरोबर जे माझे नव्हते तेही घेऊन गेलो. आणि नवापूरला कळल्यावरही ते परत पाठविले नाही. आपल्या संसाराची काळजी कोठे संपते आणि स्वार्थ कोठे सुरू होतो, असे पुष्कळ लोक विचारतात. मला जे उत्तर मिळाले ते हे. आपल्या खिशात दुसऱ्याची किल्ली आहे का, ते पाहावे.

पुढच्या सभेत मी राजीनामा पुढे केला. विश्वस्तांनी तो घेतला नाही. त्याऐवजी त्यांनी एक साधा ठराव केला : कपाटाच्या किल्ल्या दोन, दोघा निरनिराळ्या माणसांकडे, आणि काही झाले तरी त्यांतील एकाने शहर सोडावयाचे नाही. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेले पाणी शहरात शिरले, अडाजण-रांदेरच्या बाजूस घरांचे तळमजले बुडाले, तेव्हा दुसऱ्याच दिवशी आपले कपाट उघडले होते. २०२० च्या टाळेबंदीत लूम थांबले आणि परप्रांतीय कामगार अडकून पडले, तेव्हाही ते बंद राहिले नाही. रक्कम फार नव्हती. पण वेळेवर होती. सिस्टरबाई २००६ पूर्वीच प्रभूकडे गेल्या. त्यांचे नाव कोठेही कोरलेले नाही, आणि त्यांना ते रुचलेही नसते, म्हणून मीही ते घेत नाही.

अशी माणसे आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेत पूर्वीही झाली. पंडिता रमाबाईंचे एकच उदाहरण सांगतो, कारण त्याचा गुजरातेशी संबंध आहे. विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे इसवी सन १८९९-१९०० चा ‘छप्पनियो’ दुष्काळ गुजरातची जुनी माणसे अजून विसरलेली नाहीत. रमाबाईंचे स्वतःचे आईवडील आणि बहीण १८७० नंतरच्या दशकात दुष्काळातच गेली होती. भूक म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली केडगावला आणल्या होत्या. घर भरलेले होते. पुरे झाले म्हणावयास त्या मोकळ्या होत्या. तरी १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातील शेकडो मुलींना त्यांनी आपल्या मुक्ती सदनात घेतले. मुक्तीतील संख्या तेव्हा दोन हजारांच्या आसपास गेली. या मुलींची भाषा वेगळी, प्रांत वेगळा, जात वेगळी. त्यांना नुसते जेवू घातले नाही. विणकाम, शेती, छापखाना असे हाताला काम शिकविले. खेड्यातल्या बायांनाही समजेल अशा सोप्या मराठीत रमाबाईंनी पवित्र शास्त्राचे भाषांतर केले, आणि त्याचे खिळे जुळविणारे हात याच मुलींचे होते. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. मुक्ती आजही चालू आहे.

आणखी एक नाव रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे. फेब्रुवारी १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यासाठी त्यांना घर, जात, काही वर्षे पत्नीचा सहवास, सगळे गमवावे लागले, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यांना सांगावयास नको. परंतु मला त्यांच्या आयुष्याचा शेवट अधिक महत्त्वाचा वाटतो. १९१७ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना व न घेतलेल्यांना सारखीच जागा होती. एकदा सर्वस्व सोडलेला हा मनुष्य बावीस वर्षांनी पुन्हा सोडावयास निघाला! पुढे दोनच वर्षांनी, मे १९१९ मध्ये, ते मुंबईस वारले. निष्ठा ही एकदा सही करून संपणारी गोष्ट नव्हे, हे त्यावरून दिसते.

आपण टिळक किंवा रमाबाई होणार नाही. परंतु कारभाऱ्याला होता येण्यासारखे पुष्कळ आहे. अनुभवावरून तीन गोष्टी नम्रपणे सुचवितो.

पहिली, आपापल्या घरचा हिशेब लिहा आणि त्यात देवाची व शेजाऱ्याची बाजू महिन्याच्या आरंभीच काढून ठेवा. उरले तर देऊ, असे म्हटले की काही उरत नाही. हे मी चाळीस वर्षांच्या जमाखर्चावरून सांगतो. आणि देणे म्हणजे केवळ पैसा नव्हे. आपल्या मंडळीतील कितीतरी मातापित्यांची मुले दूर गेली आहेत. त्यांना आठवड्यातून एक तास बसावयास कोणी हवे आहे.

दुसरी, ट्रस्टचे, मंडळीचे, जमातीचे काम करताना ‘आपले-आपले’ म्हणून नवा मोठा स्वार्थ उभा करू नका. एकट्याचा लोभ आपल्याला लगेच दिसतो; शंभर जणांचा एकत्र लोभ मात्र जमातीचे प्रेम म्हणून मिरवतो. जागेच्या, निवडणुकीच्या, अध्यक्षपदाच्या भांडणांत देवाच्या लोकांचा किती पैसा वकिलांकडे जातो, हे आपण सारे जाणतो. ज्या कायद्याखाली आपण नोंदणी केली तो १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा मूळचा मुंबई राज्याचा. तेव्हा सुरत त्याच राज्यात होते. त्या कायद्याने दर वर्षी हिशेब तपासून घ्यावा लागतो. परंतु आपल्या दारातून कोण रिकाम्या हाती परत गेले, हा रकाना तपासनिसाच्या कागदात नसतो. तो आपणच भरावयाचा.

तिसरी, नावाचा मोह आवरा. आपल्या सभागृहात दात्यांनी पंखे दिले आहेत, त्यांचे आभार. काहींनी पात्यांवर आपली नावेही रंगवून घेतली आहेत. मी एक गंमत पाहिली आहे. पंखा बंद असतो तेव्हा नाव स्पष्ट वाचता येते. तो फिरू लागला आणि लोकांना वारा लागू लागला, की नाव दिसेनासे होते. (हशा) दात्यांनी रागावू नये. त्यांतील एका पात्यावर माझेही नाव आहे.

शेवटी तरुणांना एक विनंती. ट्रस्टला पन्नास वर्षे झाली. आमचे हात आता थकले. कपाटाच्या दोन किल्ल्यांपैकी एक अजून म्हाताऱ्यांकडे आहे. ती तुम्ही मागून घ्या. घेताना भाषण करू नका, हार घालू नका. वहीवर तारीख घाला, सही करा, आणि गावाला जाताना ती कोणाच्या हाती देऊन जाणार ते आधी ठरवा. नोकरीसाठी तुम्ही उद्या पुण्याला जाल, परदेशी जाल. अवश्य जा, मोठे व्हा. फक्त जाताना खिसा चाचपून पाहा.

 ज्यांनी ही संस्था उभारली आणि ज्यांनी नाव न सांगता ती चालविली, त्या सर्वांचे स्मरण करून, आणि पुढील पन्नास वर्षे हे कपाट वेळेवर उघडत राहो अशी प्रभूपाशी प्रार्थना करून, मी आपली रजा घेतो.